सीताफळाची संध्याकाळ

परसात झाडं दोनच होती, पण पोटात दुखायला दोन पुरतात. घराच्या डाव्या अंगाला थोरल्या सुनेचं सीताफळ, उजव्या अंगाला धाकटीचा पेरू. ज्या त्या सुनेने घरात आल्यावर आपापलं झाड लावलं होतं आणि दोघींमध्ये त्यावरून एका शब्दानेही भांडण झालं नव्हतं. जे काही होतं ते थोरलीच्या मनात होतं, आणि तिथे त्याने चांगलंच मूळ धरलं होतं.

थोरली शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर काम करायची. कापडाचे थर रचायचे, खडूने आखायचं आणि मोठ्या कात्रीने कापायचं. तिच्या हातून कधी कापड वाकडं गेलं नाही. असा हात असलेल्या बाईने सीताफळासारखं झाड लावावं हे योग्यच होतं, कारण ते झाड म्हणजे नखऱ्यांचं गाठोडं. फुलं येतात, पण त्यांच्यापर्यंत किडे फारसे फिरकत नाहीत, आणि नुसतं नशिबावर सोडलं तर चार वाकडीतिकडी फळं धरतात. म्हणून फुलांच्या दिवसांत थोरली रोज संध्याकाळी कामावरून आली की चहासुद्धा न घेता परसात जायची. पूर्ण उमललेल्या फुलांतली पिवळी भुकटी डबीच्या झाकणात झाडून घ्यायची आणि चित्रकलेच्या बारीक ब्रशने अर्ध्या उघडलेल्या फुलांत लावायची. एकेक फूल दोन बोटांत धरून, श्वास रोखून. फुलांचे दिवस संपले की फळांवरचे पांढरे किडे, पिठ्या ढेकूण, पुसायचे, फळांना जाळीच्या पिशव्या बांधायच्या, खारींना हाकलायचं. एवढं करून फळ पिकलं की दोन दिवसांत खाल्लं तर खाल्लं, नाहीतर गेलं. बियासुद्धा तिने वाया घालवल्या नाहीत. वाटून उवांवरचं औषध म्हणून शेजारीपाजारी द्यायची, आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका म्हणून चारदा बजावायची.

आणि धाकटीचा पेरू? त्याचं कुणीच काही करत नव्हतं. धुण्याचं पाणी वाहत त्याच्या बुंध्याशी जायचं, तेवढीच त्याची चैन. तरी मेला लगडायचा. कच्चा मीठ लावून खा, पिकला की तसाच खा, फार झाला तर जेली करा. पाला उकळून त्या पाण्याने चुळा भरल्या की सासूबाईंच्या हिरड्या शांत व्हायच्या, म्हणून त्यांच्या तोंडी सदा पेरूचंच कौतुक. धाकटी चपलांच्या दुकानात होती. लवकर सुटायची, वर सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसायची आणि गिऱ्हाइकांच्या फाटक्या मोज्यांच्या गोष्टी सांगायची. सासूबाई खो खो हसायच्या. ते हसणं खिडकीतून खाली यायचं आणि ब्रश धरलेल्या थोरलीच्या अंगाची लाही लाही व्हायची. सासूबाईंची औषधं, पथ्यपाणी, डॉक्टरच्या फेऱ्या, सगळं इतकी वर्षं तिने केलं. सकाळी कामावर जाण्याआधी गोळ्या वाटीत काढून ठेवायची ती, आणि हसायचं मात्र धाकटीबरोबर. तिला कधी वाटायचं, राबणाऱ्याने राबावं आणि आयतं बसणाऱ्याने लाड करून घ्यावेत, असाच या घराचा कायदा आहे.

त्यात सासूबाईंचे गुडघे गेले. जिना झेपेना, म्हणून खाली त्यांच्यासाठी खोली काढायचं ठरलं. गवंडी पाहून गेला आणि म्हणाला, डावीकडे काढा नाहीतर उजवीकडे, मला सारखंच, पण ज्या अंगाला खोली त्या अंगाचं झाड जाणार. दोन्ही मुलगे एकमेकांकडे पाहायला लागले. शेवटी कुठलं झाड ठेवायचं ते आईनेच सांगावं असं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, यंदाची फळं बघून सांगते.

थोरलीने त्याचा अर्थ एकच घेतला. झाड राहिलं तर सासूबाई आपल्या, गेलं तर धाकटीच्या. तिने फुलांवर ब्रश दुप्पट फिरवला. पण उजवीकडे पाहिलं की पेरूच्या फांद्या वाऱ्यावर हलायच्या, आणि ते झाड आपल्याला वेडावतंय असं तिला वाटायचं.

एका सुट्टीच्या दिवशी धाकटी नवऱ्याबरोबर माहेरी गेली होती. थोरली परसात उभी होती, हातात घरी आणलेली जुनी कात्री होती, दोऱ्या कापायला म्हणून. तिने पेरूची एक फांदी शेंड्याला कापली. बरं वाटलं. मग दुसरी कापली. मग तिने स्टूल आणलं. या झाडाला यंदा फळच नको, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. कापता कापता ती घामाघूम झाली, आणि परसात पेरूच्या पानांचा ढीग पडला तेव्हा कुठे थांबली. मागे होऊन पाहिलं तर झाड नव्या मुंज्याच्या डोक्यासारखं दिसत होतं. तिला लाज वाटली, पण आनंद लाजेपेक्षा जास्त होता. ढीग तिने मागच्या खड्ड्यात टाकला.

पण करायला गेली एक आणि झालं भलतंच. थोरलीला वाईट कापताच येत नव्हतं. रागातसुद्धा तिच्या हाताने प्रत्येक शेंडा वीतभर, तिरपा आणि फुटीच्या डोळ्याच्या नेमका वर कापला होता. पेरूला फळ येतं नव्या फुटीवर. कापलेल्या प्रत्येक शेंड्याला दोन-दोन, तीन-तीन फुटी आल्या, फुटींवर फुलं आली, आणि हंगामात झाड असं लगडलं की खालच्या फांद्यांना टेकू द्यावे लागले. थोरलीच्या सीताफळालाही फळं चांगली आली होती, गोल, मोठी, एकसारखी. पण पेरूपुढे त्यांच्याकडे कोण बघणार?

एवढ्यावर भागलं असतं तर तिने सोसलं असतं. पण धाकटी एका जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या पेरूला हा बहर जाऊबाईंमुळे आलाय. माहेराहून आले तर सगळी छाटणी करून ठेवलेली. मला बोलल्यासुद्धा नाहीत. मी आळशी, माझ्याच्याने कधी झालं नसतं." आणि पुढे म्हणाली, आपला पेरू गेला तरी चालेल, सीताफळ राहू दे, त्याच्यावर त्यांनी किती जीव टाकलाय.

थोरलीने हातातला घास ताटात ठेवला. जी गोष्ट मिळावी म्हणून ती वर्षभर जळत होती, ती धाकटीने भाजी वाढावी तशी वाढली. देणंसुद्धा हिला सोपं जातं, या विचाराने ती नव्याने जळाली. सासूबाई थोरलीकडे पाहत होत्या, आणि ते पाहणं तिला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सीताफळावर उशिरा आलेली थोडी फुलं होती. थोरलीने परसात झाकणात भुकटी झाडून घेतली आणि ब्रश उचलला तर वरून हाक आली. धाकटी त्या दिवशी दुकानातून अजून यायची होती. थोरली झाकण आणि ब्रश हातात घेऊनच जिना चढली.

"बस," सासूबाई म्हणाल्या.

"अंधार पडायच्या आत जाऊन येते, आई. मग बसते."

"मग कधीच नसतं तुझं." सासूबाईंनी खिडकीकडे हात केला. "पेरू छाटलास त्या दिवशी मी इथेच बसले होते. तुझं तोंडही दिसलं मला. ती छाटणी प्रेमाची नव्हती."

थोरली उभीच राहिली. आता सगळं घराला कळणार असं तिला वाटलं.

"मी कुणाला सांगत नाही," सासूबाई म्हणाल्या. "उलट मला बरं वाटलं. म्हटलं, चला, हिलाही जळता येतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी किती वर्षं त्या झाडावर जळतेय."

"पेरूवर?"

"तुझ्या सीताफळावर. रोज संध्याकाळी तू येतेस, फाटकाचा आवाज येतो. मी साडी सारखी करून बसते. आणि तू सरळ त्याच्याकडे जातेस. एकेक फूल हातात धरतेस. मला गोळ्या वाटीत घालून जातेस, आणि फुलाला बोटाने धरतेस. धाकटीच्या झाडाला काही लागत नाही, म्हणून ती मोकळी असते. मोकळी असते म्हणून इथे बसते. बसते म्हणून मी हसते. तेवढंच आहे त्यात."

मी तुमच्यासाठीच तर करत होते, फळ तुम्हाला आवडावं म्हणून, असं थोरलीच्या तोंडाशी आलं होतं. पण सासूबाईंना सीताफळ आवडतं की नाही हे तिने कधी विचारलंच नव्हतं, हेही त्याच वेळी तिच्या लक्षात आलं. ती पलंगाच्या कडेवर टेकली.

"खोली डावीकडे काढायची," सासूबाई म्हणाल्या. "मी तुझ्या नवऱ्याला अजून सांगितलं नाही. तुला आधी सांगितलं. राग येऊ दे, चालेल."

राग आलाच. पेरू जिंकला, आणि तोही आपल्याच कात्रीने, हे दुखणं एका संध्याकाळीत जाण्यासारखं नव्हतं. झाकणातल्या भुकटीकडे ती बघत राहिली. खाली अजून उजेड होता, आत्ता उठलं तरी वेळ होता. मग तिने झाकण गोळ्यांच्या वाटीशेजारी ठेवलं, ब्रश त्यावर आडवा ठेवला. तिच्याजवळ फाटक्या मोज्यांच्या गोष्टी नव्हत्या. शेवटी ती म्हणाली, "आज कारखान्यात नव्या पोरीने कापड उलटं घातलं. अख्ख्या गठ्ठ्याच्या सगळ्या बाह्या डाव्याच कापल्या. मालक विचारतो, आता सगळी पोरं डाव्या हाताची शोधून आणू का?"

सासूबाई हसल्या, खोकला येईपर्यंत हसल्या. इतकी वर्षं ते हसणं थोरलीने खिडकीखाली उभं राहून ऐकलं होतं. जवळून ते जरा घोगरं होतं. तिने पाण्याचा पेला पुढे केला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मागच्या दाराचा आवाज आला, धाकटी आली होती. थोरली बाजूला सरकली नाही.