कुकरातून यीस्टची तक्रार

मी यीस्टची एक पेशी बोलतेय, कॉलेजच्या कुकरातून. हो, कुकरातूनच! खाली स्टोव्ह पेटलाय, म्हणून भरभर सांगते.

माझा जन्म सावद्याचा. तोतारामआबांच्या मळ्यात, पिकल्या केळीच्या सालीवर. आबांच्या लेक प्रमिलाबाई जळगावला कॉलेजात शिकवतात. अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलात त्यांनी मला साखरपाण्याच्या नळीत घालून इथं आणलं, अभ्यासाला.

माझं कातडं चरबीचं. हसू नका! ऊन अंगावर आलं की त्या चरबीतले काही कण सुटतात आणि आत निरोप देतात, "पोरं होणं थांबव, असेल ते साठव, तग धर." मला ना डोकं, ना काळीज. त्या निरोपावरच जगते मी. बाईंना हेच तपासायचं होतं.

मे महिन्यात बाई लग्नाला गेल्या आणि विभागप्रमुख सुकदेव सरांनी आमच्या नळ्या गार कपाटातून टेबलावर मांडल्या. का, तर पुस्तकात लिहिलंय, 'खोलीच्या तापमानाला ठेवा'. अहो, ते पुस्तक थंड मुलखातलं! इथं पत्र्याखाली पारा चव्वेचाळीसवर. सर स्वतः मात्र डोक्यावर ओला पंचा टाकून कूलरसमोर! माझ्या शंभरातल्या नव्वद बहिणी गेल्या. मी निरोप ऐकला आणि तगले.

आज बाई आल्या. सरांनी आमच्यात निळा रंग टाकला. मेलेल्या पेशी निळ्या पडतात, जित्या पडत नाहीत. भिंगातून एकदा डोकावले आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, "सगळ्या मेल्या. तसं रजिस्टरात लिहितो."

"सर, काही पांढऱ्या आहेत. साखर देऊन बघू," बाई म्हणाल्या. नळीत साखरपाणी घालून त्या तासाला गेल्या.

पण सरांना उद्याच्या परीक्षेला रिकाम्या नळ्या हव्यात. त्यांनी शिपाई भटूभाऊंना सांगितलं, "उकळून टाक."

"सर, बाईस्ले इचारी लेऊ का? काही जित्तं शे म्हनेत."

"बाईंना काय विचारायचंय? मला शिकवतोस?"

झालं! भटूभाऊंनी आमच्या नळ्या कुकरात ठेवून झाकण लावलं.

आणि आत्ता, ऐका तरी, साखर पोचलीय मला! कुशीला इवलीशी कळी फुटलीय. माझी पहिली लेक आहे हो ती! खालून पाणी तापतंय. चरबी पुन्हा सांगतेय, तग धर. या वाफेपुढं कसला तग धरू?

बाईंचा तास तीनला सुटतो. भटूभाऊ, तेवढं झाकण काढा. आणि नाहीच काढलंत, तर सर, रजिस्टरातलं 'मेल्या' खोडा. 'मारल्या' लिहा.