जाड बोटं

“दाबलं ना बाप्पा, लई खेपा दाबलं. बटण काहीच करून नाही राहिलं,” हणमंतमामा हदगावकडच्या गावातून फोनवर ओरडून सांगत होते. इकडे नांदेडच्या ऑफिसात आलोक सर पेढ्यांचा खोका घेऊन सत्यमसमोर उभे होते. पडद्यावर हिरवं वर्तुळ आणि त्यात आकडा, अठ्ठ्याण्णव. सत्यमनं बनवलेल्या दवाखान्याच्या वेबसाइटला वेगाचे शंभरपैकी मिळालेले गुण.

“मामा, नेट गेलं असेल तिकडं. परत दाबा,” सत्यम म्हणाला. “पण तुम्हाला दवाखान्याची साइट कशाला?”

“मला कशाला? तू केली म्हणून बघून राहिलो.”

हे खोटं होतं. केवळामामीच्या डाव्या डोळ्यापुढं धुकं धरायला लागलं होतं. हदगावच्या डॉक्टरांनी काचबिंदूचा संशय सांगून याच दवाखान्यात दाखवायला सांगितलं होतं. तिथं हैदराबादचे डोळ्यांचे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे आणि त्यांच्या मोजक्या वेळा आता फक्त साइटवर मिळायच्या, त्याही काही क्षणांत संपायच्या. खिडकीवरची नावनोंदणी बंद झाली होती. पण मामीनं बजावलं होतं, पोराला कळवू नका, काम सोडून पळत येईल. शाळेसाठी सत्यमला तिनंच आपल्या घरी वाढवलं होतं, त्याचा जीव कुठं अडकतो हे तिला पाठ होतं.

सत्यमची निम्मी नोकरी नवं शिकण्यात गेली होती. साइट बनवायचं अँग्युलर नावाचं साधन जमेपर्यंत सगळे रिॲक्टकडे पळाले, तिथं हात बसतो तोवर नेक्स्टचं वारं सुटलं. वारं पुण्यात सुटलं की नांदेडलाही दारं वाजायची. दवाखान्याची जुनी साइट साधी, पण बरी चालायची. दवाखान्याच्या मालकांना मात्र सरकती चित्रं हवी होती, वर वेगाचे गुणही हवे होते. मग सत्यमनं सगळे करतात ती युक्ती केली. पान उघडलं की चित्र दिसायचं, बटणही दिसायचं, पण बटणामागचं काम झोपलेलं. कुणाचं बोट लागलं की मग ते जागं व्हायला लागायचं. गुण देणारं यंत्र काही बोट लावत नाही; त्याला सगळं झटपट वाटायचं. ऑफिसच्या वायफायवर माणसालाही फरक कळत नसे. हदगावकडच्या नेटवर मात्र बटण जागं होईपर्यंत सगळ्या वेळा भरून जायच्या.

मामांचा फोन ठेवताना सत्यमच्या हे लक्षात आलं होतं. पेढा तोंडात तसाच राहिला.

“सर, पहिल्यांदा दाबलेलं वाया जातंय. खेड्यातल्या नेटवर तर…”

“अरे, खेड्यातले लोक कुठं ऑनलाइन वेळ घेतात? एसटीत बसतात आणि येतात,” आलोक सर हसले. “हा आकडा बघून लातूरच्या दवाखान्यानं काम दिलंय. तुला टीम लीड करायचं चाललंय आणि तू गुण कमी करायला निघालास?”

बटणाला झोपवणारी कोडची एक ओळ फक्त पुसायची होती. सत्यमनं पुसली नाही. मामा नुसतं बघत होते, असं त्यानं स्वतःला सांगितलं. भित्रा माणूस होता, दुसरं काय.

काही महिन्यांनी, सोयाबीन निघाल्यावर, मामा-मामी थेट दवाखान्यातून सत्यमच्या दारात आले. दिवसभर हातापाया पडून शेवटी डॉक्टरांनी बघितलं होतं. मामीचा डावा डोळा गेला होता. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले.

“आधी का नाही आलात?” सत्यमचा आवाज फाटला.

“वेळच भेटली न्हाई ना. दर महिन्याला दाबायचो. माझीच बोटं जाड, बाप्पा. उभा जन्म खुरप्यात गेला, काचेला कळत न्हाईत.”

“मी म्हणलं ह्यास्नी,” मामी म्हणाली, “आपल्या सत्यमनं केलेलं हाय, त्यात कशाची खोट? तुमालाच दाबता येत न्हाई.” तिच्या बोलण्यात नुसता अभिमान होता.

“मामा, बोटाचा दोष नाही. साइटच…”

“राहू दे.” मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “समजूत घालून राहिला आमची. लई मोठं मन हाय तुझं.”

आणि सत्यमनं ते मोठं मन निमूट पदरात घेतलं.

उजवा डोळा पुढच्या महिन्यात दाखवायचा होता. मामांनी खिशातून स्वतःचा फोन काढला.

“द्या, मी करतो,” सत्यम घाईनं म्हणाला.

“न्हाई, मला शिकव. दर खेपेला तुला कुठं तरास द्यायचा?”

ते उठले, मोरीत जाऊन बोट साबणानं धुतलं, धोतराला कोरडं केलं. साइट झटक्यात उघडली. मामांनी श्वास धरून बटणावर बोट ठेवलं. काहीच झालं नाही.

“हळू दाबा,” मामी म्हणाली. “पोराची मेहनत हाय त्याच्यात.”

मामांनी मान हलवली आणि बोट पुन्हा धोतराला पुसलं.