फूटपट्टीचा दवाखाना

मित्रांनो, कॉलेजच्या प्रयोगशाळेत खिडकीशी घरघरत बसलेला जुना संगणक पाहिलात ना? तो मीच. माझा पंखा दमेकरी झाला आहे, पण डोके शाबूत आहे.

मी नवा आलो तेव्हा माझे कौतुक एकट्या सरांनाच होते. भिंती, बीम, पाइप यांच्यासकट अख्खी इमारत मी पडद्यावर उभी करायचो. मुले मात्र नाक मुरडायची. त्यांत पुढे होती फूटपट्टी. ही एका प्लंबरची मुलगी. तिच्या रेघा इतक्या सुबक, की वर्गाने तिला हे नाव ठेवले होते.

"बटणं दाबून कुणी इंजिनिअर होतं का?" असे म्हणून ती माझ्याकडे पाठ करून बसायची. मला फार वाईट वाटे.

तिने कागदावर काढलेल्या दुमजली दवाखान्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. सर म्हणाले, "आता हाच संगणकावर उभा कर." आठ दिवस ती कुरकुरत राबली. शेवटी तिने तपासणीचे बटण दाबले आणि माझा पडदा लालेलाल झाला. वरच्या मजल्याचे सगळे पाइप बीममधून आरपार गेले होते!

"हाच चुकला असणार," ती फणकारली. तिने तीनदा मापे ताडून पाहिली. मग तिचा चेहरा पडला. बीम एका कागदावर होते, पाइप दुसऱ्यावर. त्यांची गाठ कधी पडलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. कामावरून आलेले ते, हत्यारांची पिशवी सांभाळत दारातच घुटमळले. पडदा पाहिला मात्र, आणि ते हसले.

"अगं, बावीस वर्षं मी हेच तर फोडतोय! नकाशात पाइप सरळ जातो, जागेवर बीम आडवा. छन्नी माझ्या हातात आणि बोलणीही मलाच."

"बाबा, कधी बोलला नाहीत ते?"

"आम्हाला विचारतंय कोण?"

तिने खुर्ची पुढे ओढली. "बसा. मी विचारतेय. कुठून नेऊ?"

त्यांचे खरखरीत बोट माझ्या काचेवर फिरू लागले, तशी ती पाइप वळवत गेली आणि लाल ठिपके एकेक करून विझत गेले. मी खूश झालो, तोच ते म्हणाले, "इथे उतार कमी पडतोय. तुंबेल." हे मला दिसलेच नव्हते! मी मनातल्या मनात कान पकडले.

पुढे फूटपट्टीनेच सगळ्या वर्गाला शिकवले. नाक मुरडणारे माझ्यापुढे रांग लावू लागले.

आता नवे संगणक आले आहेत आणि मी अडगळीत जाणार अशी कुजबुज आहे. मित्रांनो, नवे शिकायला बिचकू नका आणि शिकताना हाताने काम करणाऱ्यांना विचारा. मला मात्र भंगारात देऊ नका. एखाद्या छोट्या शाळेत नेऊन ठेवा. तिथल्या कुणाला तरी पहिले घर उभे करून दाखवण्याइतका दम माझ्यात अजून आहे.