मेलेल्या पेशींचा रंग
ताईच्या नवऱ्याने प्रयोगशाळेत नोकरी लावून दिली, तेव्हा धाकटीला वाटलं, घरचाच माणूस साहेब, आता काळजी कसली! दोन वर्षं तिने दाजींच्या हाताखाली रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या बी पेशी रंगवल्या. चमकणाऱ्या अँटिबॉडीचा थेंब नळीत टाकायचा, नळी अंधारात बर्फावर ठेवायची, मग यंत्रातून एकेक पेशी पळवायची. जिला अँटिबॉडी चिकटली, तिचा ठिपका पडद्यावर उजळे.

एकदा पडद्यावर एक निराळाच पुंजका उमटला. त्यात बी पेशींचा रंग होता, आणि एरवी अगदी वेगळ्या असणाऱ्या टी पेशींचाही. दाजी हरखले. "नवी जात सापडली!"

"दाजी, मेलेल्या पेशींना कुठलाही रंग चिकटतो. मेलेल्या ओळखायचा रंग टाकून बघू या का?"

"कालची पोर, मला शिकवतेस?"

तिने दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा "ही नळ्या नासवते" म्हणत त्यांनी सगळ्यांदेखत तिला घालवून दिलं. ताईने नवऱ्याचीच री ओढली. "ज्याने उभं केलं त्यालाच खोटं पाडतेस?" धाकटीने मनात गाठ मारली.

दुसऱ्या प्रयोगशाळेत तिने नाव काढलं. चार वर्षांनी त्याच 'नव्या जाती'च्या जोरावर दाजी संचालक व्हायला निघाले. निवड समिती म्हणाली, तो प्रयोग दुसरीकडे, आमच्यासमोर करून दाखवा. प्रयोगशाळा ठरली ती नेमकी धाकटीची.

दाजी हसत आले. "झालं गेलं विसर. तुझ्याइतका साफ हात कुणाचा नाही बघ."

"विसरले, दाजी."

तिने वापरायच्या रंगांची यादी सहीसाठी पुढे केली. चौथ्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं: मेलेल्या पेशींचा रंग. दाजी फोनवर बोलत होते. न वाचताच त्यांनी सही ठोकली. त्या ओळीवर बोट ठेवायला एक क्षण पुरला असता. धाकटीने कागद ओढून घेतला.

समितीसमोर पुंजका उमटला. दाजींची छाती फुगली. समितीतल्या बाईंनी यादी चाळली. "आता मेलेल्या पेशी वगळा पाहू."

धाकटीने बटण दाबलं. पुंजका गेला. उरले चार-दोन ठिपके. सुखाची एक कळ तिच्या बोटांपर्यंत गेली.

"यंत्र बिघडलंय!" दाजी ओरडले. "हिनेच काहीतरी केलंय!"

"यादीवर सही तुमची आहे," बाई म्हणाल्या.

पद हुकलं. महिन्याभरात दाजींना तो शोधही मागे घ्यावा लागला. ताईचा फोन आला.

"तुला माहीत होतं. आदल्या दिवशी एक फोन केला असतास तर?"

"दोनदा सांगितलं होतं, ताई."

"तेव्हा सांगितलंस ते त्यांच्या भल्यासाठी. या वेळी गप्प बसलीस ती मुद्दाम."

"हो, मुद्दाम," धाकटी म्हणाली.

फोन ठेवून तिने डबा उघडला आणि पोटभर जेवली. पश्चात्ताप तिला तेव्हाही झाला नाही, नंतरही नाही. पुढच्या वर्षी भाचीचं लग्न झालं. ते तिला परक्यांकडून कळलं, आणि ते मात्र फार लागलं.