पोचूचं सील

उर्वशीनं कॉम्प्युटरचं कॅबिनेट काउंटरवर ठेवलं, ओढणीनं कपाळ पुसलं आणि सांगितलं, की पोचूभाऊनं नदीपल्याड आरमोरीतलं दुरुस्तीचं दुकान बंद केलं. ते ऐकताच गुणवंतरावांना आठवलं सत्यशीलाबाईंचं पत्र. दिवाळीआधी आलेलं. आता राखीपौर्णिमा तोंडावर आली होती आणि त्यांनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं.

सत्यशीलाबाई गडचिरोलीच्या संगणक व्यावसायिक संघटनेच्या सचिव, आणि गुणवंतराव ब्रह्मपुरीच्या. हे पद त्यांच्याकडे आलं ते अक्षर चांगलं म्हणून आणि राहिलं ते नाही म्हणायची भीड वाटते म्हणून. पत्रातलं मागणं साधं होतं. गडचिरोली, चंद्रपूर, नागभीड आणि ब्रह्मपुरी, या संघटनांनी एकत्र यावं. पुरानं रस्ता तुटला तर ज्याच्याकडे सुटा भाग असेल त्यानं अडलेल्याला द्यावा. आणि सगळ्यांनी एकमेकांचं सील पाळावं.

सील म्हणजे कागदाचा इवलासा तुकडा. मशीन दुरुस्त केली की दुकानदार तो आपल्या नावानिशी मागच्या स्क्रूवर चिकटवतो. दुसऱ्याचं सील दिसलं तर आधी त्याला फोन करायचा, तो हो म्हणाला तरच उघडायचं, असा ब्रह्मपुरीतला रिवाज. वैनगंगेपल्याडच्या मशीनला मात्र तो लागू नव्हता. तिकडची मशीन कोणीही उघडावी, आधीच्या कारागिराला नावं ठेवावीत आणि गिऱ्हाईक आपलं करून घ्यावं.

अशी गिऱ्हाइकं सगळ्यात जास्त लटारूभाऊंनी जोडली होती. ते ब्रह्मपुरीच्या संघटनेचे अध्यक्ष. पत्र वाचून त्यांनी ते गुणवंतरावांकडे सरकवलं आणि पडू द्या म्हणाले. बैठकीपुढे ठेवावं का, एवढंही गुणवंतरावांच्या तोंडून निघालं नाही. त्यांचं दुकान लटारूभाऊंच्या गाळ्यात होतं आणि मुलगा पियुष लटारूभाऊंच्याच दुकानात कामाला होता.

"पोचू कुठी गेला?" गुणवंतरावांनी उर्वशीला विचारलं.

बल्लारपूरला, कंत्राटदाराकडे, उर्वशी म्हणाली. तिला घाई होती. तिच्या सेवा केंद्रापुढे पीकविम्याचे अर्ज भरायला माणसं बसली होती. "सील तोडा ना काका. आता त्याले कोन विचारते?"

गुणवंतरावांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, खाली ठेवला आणि फोन लावला. पलीकडे ट्रकांचा आवाज होता. आपलं नाव सांगून ते म्हणाले, "पोचू, तुझं सील लागलेली मशीन आली आहे उर्वशीची. उघडू का?"



"काका, तुमी मले विचारून राह्यले?"

"हो."

"ब्रह्मपुरीवरून कोनी पयल्यांदा विचारलं." पोचू हसला, पण ते हसू पुरतं झालं नाही. "उघडा. रॅमच्या खाचेत धूळ बसत असन. बाई चुलीजवळ ठेवते मशीन."

गुणवंतरावांनी चुलीचं विचारल्यावर उर्वशीनं ती लांब असल्याचं ठासून सांगितलं. धूळ मात्र होतीच. गुणवंतराव ब्रशनं ती झाडत असताना लटारूभाऊ आत आले. सील न फाडता सोडवून काउंटरच्या काचेवर ठेवलेलं त्यांनी पाहिलं.

"सेक्रेटरीसाहेब, सील उघडाले मुहूर्त पाह्यला काय?"

गुणवंतराव ओशाळून हसले. उर्वशी मशीन घेऊन जाईपर्यंत लटारूभाऊ थांबले. चंद्रपूर-नागभीडवाल्यांनी सत्यशीलाबाईंना होकार कळवल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. आपण काही कळवलं नाही, हे बरं झालं, असं म्हणून त्यांनी आवाज खाली आणला.

"पियुषले मी पाहून राह्यलो. तुमी मले पाहा. बस."

संध्याकाळी जेवताना गुणवंतरावांनी पोचूची गोष्ट घरात सांगितली. बायको गोकुळाबाई हळहळल्या. पियुष ताटाकडे पाहत राहिला.

"नदीपल्याडच्या मशीन कोण उघडतं तुमच्याकडे?" गुणवंतरावांनी विचारलं.

"मीच."

"सीलं?"

"हेअर ड्रायर मारतो. अल्लद निघते. मंग आपलं लावतो." जराशानं तो म्हणाला, "जास्त पोचूभाऊचेच रायत होते. आरमोरी जवळ ना."

इतके महिने उत्तर न लिहून आपण पोराला सांभाळतो आहोत, असं गुणवंतरावांना वाटत आलं होतं.

ते उठले, हात धुतले आणि कोरा कागद घेऊन बसले. संघटनेचं लेटरहेड कपाटात होतं, शिक्काही होता. दोन्हीला त्यांनी हात लावला नाही. आपण कोण मोठे लागून गेलो, असं वाटून पहिल्या ओळीनंतर पेन थांबलंच. गोकुळाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"लिहून काय होते? पोचू वापस येते का?"

"नाही येत."

"मंग?"

गुणवंतरावांनी सत्यशीलाबाईंना लिहिलं, की आपलं पत्र मी संघटनेपुढे ठेवलंच नाही. अध्यक्षांची इच्छा नव्हती आणि माझी छाती झाली नाही. मी सचिवपद सोडत आहे. यापुढे आपल्याकडचं कुठलंही सील मी विचारल्याशिवाय काढणार नाही. हा होकार माझ्या एकट्याच्या दुकानापुरता आहे. ते दुकान किती दिवस राहील, हे मात्र सांगता येत नाही.

पियुषनं ते खांद्यावरून वाचलं.

"लटारूकाका तं गाळा खाली कराले लावन. अन् मले काढन. मी कुठी जावाचं, तेही लिहून ठेवा त्याच्यात."

गुणवंतरावांनी पत्राची घडी घातली.

सकाळी लेटरहेड आणि शिक्का लटारूभाऊंच्या नोकराकडे देऊन ते पोस्टात गेले. पेटीच्या फटीत पाकीट अर्धं गेलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला. मागे एक बाई राखीचं पाकीट घेऊन उभी होती. तिनं थोडी वाट पाहिली.

"झालं का भाऊ?"

त्यांनी बोटं सोडली. "झालं," म्हणाले, आणि तिला जागा करून दिली.