पालथी नळी

घराच्या मागे खाऱ्या पाण्याचा पोहण्याचा तलाव होता. त्याच्या दोन काठांना दोघी जावा उभ्या राहायच्या, पण एकमेकींशी बोलायच्या नाहीत.

भांडण सेलवरून पेटलं होतं. सेल म्हणजे पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणारं नळकांडं. त्याच्या आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर चढला की यंत्र नुसतंच गुरगुरतं. पट्ट्या धुण्याचं काम धाकटीकडे होतं. ती ते आज-उद्यावर टाकत राहिली. एका दुपारी थोरलीने सेल काढला आणि होता तसा, थरासकट, जेवणाच्या टेबलावर धाकटीच्या ताटात नेऊन ठेवला.

"हे काय?" धाकटीने विचारलं.

"तुझं राहिलेलं," थोरली म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे. चढला असता तर धाकटीला बरं वाटलं असतं. तिलाही ओरडता आलं असतं.

"स्वतःच्या जेवणात मिठाचा कण नाही, आणि दुसऱ्याच्या जखमेवर मात्र पोतंभर!" धाकटी ताट सरकवून उठली, आणि तेव्हापासून अबोला.

टोमणा नेमका बसला होता, कारण थोरलीने अळणी जेवण्याचा नेम धरला होता. सासूबाई चालायला लागेपर्यंत मीठ नाही. सासूबाईंचा गुडघा बदलला होता, आणि तो वाकायचं नाव घेत नव्हता. जमिनीवर पाऊल टाकलं की त्या किंचाळत. पाण्यात मात्र अंग हलकं व्हायचं, कठडा धरून त्या चार पावलं टाकायच्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "रोज पाण्यात चाला. पुढच्या तपासणीला गुडघा वाकला नाही, तर पुन्हा गुंगी देऊन वाकवावा लागेल." सासूबाईंना गुंगीची भयंकर भीती होती. मागच्या वेळी शुद्धीवर येताना त्यांनी स्वतःच्या मुलांना ओळखलं नव्हतं.

म्हणून पाणी नीट राहणं हाच त्यांचा जीव होता. दोघींनाही ते ठाऊक होतं. खरं तर तेवढ्यासाठीच दोघी अजून एका घरात होत्या.

खाऱ्या तलावात यंत्र चालू राहिलं की पाण्याचा पीएच हळूहळू वर सरकतो. तो खाली आणायला थोडं थोडं ॲसिड घालावं लागतं. संध्याकाळी पाणी तपासायचं काम धाकटीचं. काचेच्या नळीत पाणी, त्यात थेंब, आणि रंग बघायचा: लालसर केशरी असेल तर ठीक, जांभळट असेल तर पीएच चढला, पिवळा झाला तर फारच उतरला. ती भरलेली नळी पंपाच्या खोलीच्या कट्ट्यावर ठेवायची. पहाटे दिवा लावून झाला की थोरली यायची, रंग बघून ॲसिडचं माप घालायची. पूर्वी एक जण ओरडायची, "जांभळं आहे हं, ताई!" दुसरी सकाळी सांगायची, "घातलं गं!" काम संपलं.

आता ओरडणं बंद झालं, नळी तेवढी राहिली.

थोरलीला वाटलं, घातल्याची काहीतरी खूण हवी. तिने नळी ओतली, स्वच्छ धुतली आणि कट्ट्यावर पालथी घातली. देवाची भांडी ती रोज अशीच पालथी घालायची. काम झालं, भांडं पालथं. यात न कळण्यासारखं काय होतं?

धाकटीने पालथी नळी पाहिली आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"बघितलंस?" ती पंपाला म्हणाली. अबोला धरल्यापासून ती पंपाशीच बोलायची, थोरलीच्या कानावर पडेल एवढ्या मोठ्याने. "मी तपासलेलं ओतून दिलं! माझा हात लागलेलं पाणीसुद्धा चालत नाही यांना."

थोरली दाराशी टॉवेलांच्या घड्या घालत होती. "पंपाला कान नसतात म्हणून बरं," ती टॉवेलाला म्हणाली.

धाकटीने इरेला पेटून पायऱ्यांपाशी पुन्हा नळी भरली. थोरलीने ॲसिड नुकतंच खोल बाजूला घातलेलं, ते फिरून पायऱ्यांपर्यंत यायला वेळ लागणार होता. रंग आला जांभळट. "घातलंच नाही! नुसती नळी धुतली आणि पुण्य मिळवलं." तिने स्वतः एक माप घातलं आणि नळी होती तशी पालथी ठेवून दिली. रागाने. आपण घातल्याचं कळू द्यायचं नाही म्हणून.

मग हे रोजचंच झालं.

संध्याकाळपर्यंत रंग पुन्हा रोजच्यासारखा थोडा जांभळट यायचा, पिवळा कधीच नाही, त्यामुळे दोघींना आपलंच खरं वाटायचं. पाण्याच्या अंगात एक सोशिकपणा असतो. ॲसिड पडलं तरी ते काही काळ पचवतं, पीएच पुन्हा जागेवर येतो. त्या सोशिकपणाला अल्कलिनिटी म्हणतात, आणि ती मोजायची परीक्षा वेगळी असते. तिथे एकीने थेंब टाकायचे, दुसरीने नळी हलवत रंग बदलतो का ते बघायचं. एकटीला ते जमतं, पण या घरात ते कायम दोघींनी केलेलं. अबोल्यात ती परीक्षा राहूनच गेली. दोघींनाही वाटलं, तिला गरज असेल तर ती म्हणेल.

सोशिकपणा संपला त्या सकाळी तलाव कधी नव्हे इतका स्वच्छ दिसत होता. तळाची फरशी न् फरशी मोजून घ्यावी.

सासूबाई पायऱ्या उतरल्या. उजवीकडे थोरली, डावीकडे धाकटी, दोघी काठावर.

"आज पाणी काय सुंदर केलंय गं," सासूबाई म्हणाल्या.

"मी करते," दोघी एकदम म्हणाल्या, आणि दोघींनी एकदम माना फिरवल्या.

सासूबाई दोन पावलं चालल्या. तोंडावर पाणी उडालं आणि त्यांनी डोळे गच्च मिटले. "अगं आई गं! डोळे! डोळे गेले माझे!" चोळायला त्यांनी हात उचलला, कठडा सुटला आणि गुडघा खाली पिरगळला.

दोघींनी अंगातल्या कपड्यांनिशी उड्या टाकल्या. थोरलीने उजवा हात धरला, धाकटीने डावा, आणि आपापल्या काठाकडे ओढायला लागल्या.

"इकडे, आई, पायऱ्या इकडे!"

"तिकडे लांब पडेल, इकडे या!"

"मला फाडता का दोघी मिळून?" सासूबाई ओरडल्या. "एकीने सोडा!"

कोणीच सोडेना. शेवटी त्यांनीच हिसका देऊन दोन्ही हात सोडवले आणि कठडा चाचपडत स्वतः पायरीवर येऊन बसल्या. डोळे लालभडक झालेले, गुडघा फुगायला लागलेला.

"यांनी मिठाचं पोतं ओतलं असणार," धाकटी म्हणाली.

"सेल धुतला नसणार," थोरली म्हणाली.

"भरा नळी. माझ्यासमोर," सासूबाई म्हणाल्या.

धाकटीने नळी भरून थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, अगदी हळदीसारखं.

"ॲसिड कुणी घातलं?" सासूबाईंनी विचारलं.

"मी. एक माप," थोरली म्हणाली. "रोजच्यासारखं."

धाकटीचा चेहरा उतरला. "मीपण एक माप घातलं. रोज घालते. ताई घालत नाहीत म्हणून."

"नळी पालथी ठेवत होते ना मी!"

"मग? मला वाटलं, तुम्ही माझी तपासणी फेकून देताय!"

"घातलं, एवढं तोंडाने म्हणायला काय झालं होतं?" सासूबाई म्हणाल्या. "तुमचा अबोला, आणि लोणच्यासारखी मुरतेय मी!"

थोरलीने नळाचं पाणी आणून त्यांचे डोळे धुतले.

त्या दिवसापासून तलाव बंद. पाण्याचा सोशिकपणा परत यावा म्हणून खाण्याचा सोडा थोडा थोडा घालायचा, पंपाने फिरवायचा, थांबायचं, पुन्हा थेंब. एकीने टाकायचे, दुसरीने नळी हलवायची. सासूबाई खुर्ची टाकून समोर बसायच्या आणि नुसती मान हलवलेली चालायची नाही, शब्द लागायचा.

"घातला?"

"घातला."

"बदलला रंग?"

"नाही अजून. हात स्थिर ठेव, किती हलवतेस!"

"तुम्ही थेंब मोजा, माझे हात नको."

तपासणीच्या आधी पाणी काही सावरलं नाही. डॉक्टरांनी गुडघा दाबला, सासूबाई किंचाळल्या, आणि गुंगीची तारीख ठरली. परत येताना गाडीत सासूबाई एवढंच म्हणाल्या, "शुद्धीवर आले की दोघींपैकी कुणाला ओळखायचं नाही ते मी ठरवून ठेवलंय."

पण शुद्धीवर आल्यावर त्यांनी दोघींना ओळखलं. पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. "रंग?"

"केशरी," धाकटी म्हणाली.

"आज ॲसिड कुणी घातलं?"

"मी घातलं, आई," थोरली म्हणाली. "हिला सांगून."

घरी आल्यावर थोरलीचं जेवण अळणीच राहिलं, आणि धाकटीने त्यावरून तिला बोलणंही सोडलं नाही. पण पहाटे पंपाच्या खोलीतून एकीचा "घातलं!" ऐकू यायचा आणि स्वयंपाकघरातून दुसरीचा "ऐकलं!" दोन्ही आवाज असे, की जणू दगड फेकून मारलाय. सासूबाई पलंगावर ते दोन्ही ऐकायच्या, आणि मगच पाय खाली सोडायच्या.