शेजारणीची हजेरी

फसली सन तेराशे चौतीस, म्हणजे इंग्रजी पंचवीस साल. माघातली सकाळ होती. आता ज्याला अंबाजोगाई म्हणतात त्या मोमिनाबादच्या मुलींच्या मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, औरंगाबादहून तपासणीला आलेल्या मोहतमिमसाहेबा उभ्यानेच हजेरी घेत होत्या.

त्यांनी विमलचं नाव पुकारलं. विमल समोर बसलेली असूनही गप्प राहिली आणि तिच्या शेजारची सईदा उठून म्हणाली,

"हाजिर."

सईदाचं नाव आलं तेव्हा सईदा खाली बघत बसली आणि विमल उठली.

"हाजिर."

पुढच्या नावालाही तेच झालं, तेव्हा साहेबांनी कलम थांबवलं. खोट्या हजेरीचे पुष्कळ प्रकार त्यांनी पाहिले होते. मुली कागदावर असत, सतरंजीवर नसत. एकीच्या नावावर दुसरीच उभी केली जाई. वर्गाला शिकवणाऱ्या मदिनाबींकडे वळून, आवाज न चढवता त्यांनी विचारलं, की मुलींना स्वतःची नावं ठाऊक नाहीत की उस्तानीला आपल्या मुली ठाऊक नाहीत?

मदिनाबींनी ओढणी सारखी केली.

"पोरी आपल्या शेजारणीची हजेरी देतात, साहेबा. तशी सवयच लावलीय मी."

ही सवय आदल्या पावसाळ्यात लागली होती. कुंभाराची सारजा बोलताना अडखळायची. 'हाजिर' हा शब्द तर तिच्या ओठांवर येऊन अडून बसायचा. मोहनराव देशमुखांची केशर तिची हुबेहूब नक्कल करायची आणि सगळा वर्ग खिदळायचा. पुढे पुढे हजेरी सुरू होण्याआधीच पोरी 'हा-हा-हा' करायला लागल्या. मग सारजा यायची बंद झाली. मदिनाबी स्वतः कुंभारवाड्यात गेल्या तेव्हा ती भट्टीमागे लपून बसली होती; समजूत घालून त्यांनी तिला परत आणलं.

मदिनाबींनी कुणाला छडी लावली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की उद्यापासून कुणी स्वतःची हजेरी द्यायची नाही. जिची तिची शेजारीण देईल. शेजारीण आली नसेल तर का आली नाही तेही तीच सांगेल. माहीत नसेल तर मधल्या सुट्टीत जाऊन विचारून येईल. आणि बोलणारीचं बोलणं पुरं होईतो मधे कुणी तोंड घालायचं नाही. सारजाच्या शेजारी त्यांनी केशरला बसवलं.

केशर पहिले काही दिवस फुगूनच होती. सारजा बोलायला उभी राहिली की ती परकराचा काठ चघळत भिंतीकडे बघायची. पण शेजारणीची बातमी ठेवायची तर तिच्या दारात जावं लागतं. पोरी सकाळी एकमेकींना हाक मारत यायला लागल्या. सईदाच्या अम्मीला दम लागतो, विमलच्या घरी सकाळी चूल पेटत नाही, सारजा पहाटे उठून चिखल तुडवते, हे सगळ्यांना कळत गेलं. एकदा नवीन आलेल्या एका पोरीनं सारजाचा अडलेला शब्द पुरा केला, तर केशरच तिच्यावर वसकली.

"थांब की गं. तिच्या तोंडचा शब्द का घेतीस?"

हे सगळं साहेबांना कुठून ठाऊक असणार? मदिनाबींनी थोडक्यात सांगितलं, त्यांनी थोडक्यात ऐकलं आणि पुढचं नाव घेतलं.

"केशर मोहनराव."

केशरची जागा रिकामी होती. त्या सालचा हुकूम असा होता, की तपासणीच्या दिवशी जी गैरहजर, तिचं नाव कापायचं. मोहनरावांनी तर पारावर बोलूनच ठेवलं होतं, की लेक आता मोठी झाली, एकदा नाव कटलं म्हणजे आपण सुटलो. मदिनाबींना हे माहीत होतं. मुलींनाही माहीत होतं.

सारजा उभी राहिली.

"के... के..." तिची मान ताठ झाली, डोळे मिटले. "केशर न्हाई आली."

"ते दिसतंय मला. का नाही आली?"

सारजाचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. साहेबांनी थोडं थांबून कलम दौतीत बुडवलं आणि विमलकडे बोट केलं. तू सांग, म्हणाल्या.

विमल उठली. ती वर्गातली सगळ्यांत चुरचुरीत पोर. इतर वेळी तिला गप्प बसवावं लागे.

"मला ठावं हाय, साहेब," ती म्हणाली. "पर ती सांगायलीये."

आणि खाली बसली. साहेबांनी सईदाकडे पाहिलं. सईदानंही मान खाली घातली. मग त्यांनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. पोरी हाताची घडी घालून सारजाकडे बघत होत्या, न हसता, न चुळबुळता; जसं काही पाणी रांजणातून झिरपत होतं आणि भांडं भरेतो थांबायचं होतं. मदिनाबींच्या हातातली खडूची कांडी मोडली, पण त्याही बोलल्या नाहीत.

"तिची माय रातीच्याला बा... बाळंत झाली," सारजा म्हणाली. "घरात दुसरं बाईमाणूस न्हाई. पाणी तिनंच भरलं. आता भा... भाकरी थापायलीये. मी गेलते सकाळी. दु... दुपारी येते म्हणली. तिचं नाव..." इथे ती फार वेळ अडली. बाहेर टांग्याच्या घोड्यानं खूर आपटला. "तिचं नाव कापू नका."

साहेबांच्या कलमाच्या टोकावर शाई जमली होती. ती त्यांनी दौतीच्या काठाला निपटली.

"मुलगा झाला की मुलगी?"

सारजाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. हा शब्दही अडला. या वेळी साहेबाही थांबल्या.

"मु... मुलगी."

सकाळपासून उभ्या असलेल्या साहेबांनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. टांगेवाल्याला घोडा सोडायला सांगा, म्हणाल्या. आपल्याला काही घाई नाही.

केशर आली ती दुपारी, जोहरच्या नमाजाची बांग झाल्यावर. धावत आली होती. कोपरापर्यंत पीठ वाळलेलं होतं. ती जागेवर बसेपर्यंत साहेबा थांबल्या आणि त्यांनी पुन्हा तिचं नाव पुकारलं. सारजा उठली. 'हाजिर' यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. सगळ्यांनी तो दिला.

मग साहेबांनी सारजाचं नाव घेतलं. केशर उभी राहिली, पिठाचे हात मागे लपवून.

"हाजिर हाय, साहेब. सकाळधरनं हाय."

साहेबांनी वर काय लिहून पाठवलं ते गावात कुणाला कळलं नाही. नाव मात्र कुणाचंच कटलं नाही. त्या पुन्हा कधी मोमिनाबादला आल्या नाहीत. मदिनाबींची पुढे गेवराईला बदली झाली. नव्या उस्तानीनं आल्या आल्या जुनी हजेरी सुरू केली, पण गेवराईच्या पोरी एकमेकींची हजेरी देतात असं ऐकू यायला लागलं. सईदा हैदराबादेत सुईणीचं काम शिकली. विमल त्याच शाळेत शिकवायला लागली आणि म्हातारी होईपर्यंत शिकवत राहिली. केशरचं शिक्षण तिच्या लग्नापर्यंत चाललं, आणि त्या रात्री जन्मलेली तिची बहीण पाटी घेऊन त्याच सतरंजीवर बसली.

सारजाचं अडखळणं शेवटपर्यंत गेलं नाही. तिला घाटनांदूरच्या धोंडीरामाला दिलं. लग्नात उखाण्याची वेळ आली. नवऱ्याचं नाव धोंडीराम, म्हणजे जीभ नेमकी अडायचीच. सासरकडच्या बायका आधी गालात हसल्या, मग एकीनं पुढचा शब्द सुचवला. तेव्हा केशर, सईदा आणि विमल नवरीच्या मागून पुढे आल्या, तिच्या शेजारी बसल्या आणि हाताची घडी घालून त्या बायकांकडे शांतपणे बघत राहिल्या. हळूहळू सगळा मांडव गप्प झाला. वाजंत्रीवाल्यानंही सनई खाली घेतली.

सारजानं नाव पुरं घेतलं.